हॉर्नला लावलेला कौल

माझ्या व्हॅनचा हॉर्न ऐकायला चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा तो वाजतो, आणि बटण दाबलं की क्षणभर विचार करून मग वाजतो. भोरच्या बाजारपेठेत मी तो दाबला की लोक वाट द्यायच्या आधी हसून घेतात. पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्त्यांवर माझं नाव माहीत नसलेली माणसंसुद्धा माझा हॉर्न ओळखतात.

मी जनावरांचं खाद्य विकते. सरकी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा, चाटायच्या मिठाच्या विटा. भोरला आमचं छोटं दुकान आहे, ते आमचे हे सांभाळतात, आणि आठवड्यातून एकदा मी व्हॅन भरून वेल्ह्याकडे जाते. त्यांना घाटात चक्कर येते आणि मला दुकानात बसून बसून येते, म्हणून ही वाटणी झाली. वरच्या धनगरवस्त्यांवर मोबाईलला रेंज नाही आणि गाडी वस्तीपर्यंत पोचत नाही. शेवटच्या वळणावर एक जांभळीचं झाड आहे. त्याच्याखाली गाडी लावायची आणि तीनदा हॉर्न दाबायचा, अशी माझी पद्धत. मग वरून माणसं रिकामी पोती खांद्यावर टाकून उतरतात. दुधाच्या टेम्पोचा हॉर्न निराळा. त्याला लोक किटल्या घेऊन येतात, माझ्या हॉर्नला पोती. यात आजवर कुणाची गफलत झालेली मी पाहिली नाही.

त्या वस्तीवरचे एक बाबा माझे पहिले गिऱ्हाईक. मी नवीनच गाडी घेऊन जायला लागले तेव्हा लोक झाडाखाली यायचे, पण गाडी चालवणारी बाई बघायला. बघून, गाडीभोवती एक फेरी मारून, परत जायचे. एके दिवशी बाबा पुढं झाले, पोत्यात हात घालून पेंडेचा वास घेतला आणि मागच्या लोकांना म्हणाले, "पेंडंला काय ठावं, बाईनं आणली का बुवानं? शेळी खाती का न्हाई त्येवडं बगा." त्या दिवशी माझं पहिलं पोतं खपलं. मी तोंडानं फटकळ आहे, आभार मानायची सवय नाही, पण बाबांचं ते बोलणं मी मनात जपून ठेवलं आहे.

या बाबांचा एक डोळा फार पूर्वीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू होता, तो गेल्या दोन-तीन वर्षांत चांगलाच पिकला. शेळ्यांच्या पाठीवर, कानांवर हात फिरवून ते कुठली कोण ते सांगायचे. डोंगर उतरताना आपल्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवायचे. एकदा मी बघत असताना बाबा वाटेच्या कडेबाहेर दरीत पाय टाकायला निघाले होते. म्हातारी ओरडली म्हणून वाचले. नंतर दोघंही हसली, मला मात्र हसू येईना.

भोरला डोळ्यांचं शिबिर होतं, त्यात मी त्यांचं नाव घातलं. तपासणीला मीच नेलं आणि परत सोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होण्यासारखं आहे, दिसेल. दिवस ठरला. त्या दिवशी दुपारी भोरहून सगळ्या पेशंटांना घेऊन बस पुण्याला जाणार होती. सगळं जुळून आलं, आणि मग बाबा अडून बसले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. एक डोळा गेलेला, उरलेल्या डोळ्यात निदान धुरकट उजेड तरी होता, आणि त्यातच कुणीतरी सुरी घालणार. "त्यो बी गेला तर?" एवढंच ते विचारायचे.

मग त्यांनी देवाला कौल लावला. वस्तीच्या वर शेंदूर फासलेला देवाचा दगड आहे. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून एक उजवीकडं, एक डावीकडं चिकटवतात आणि बसून राहतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबा दिवसभर बसले. दोन्ही पाकळ्या दगडाला चिकटून वाळून गेल्या, एकही पडली नाही. "देव काय बोलंना झालाय," पुढच्या फेरीला त्यांनी मला सांगितलं. "मंग म्या ठरीवलं. त्या दिशी तुज्या गाडीचा हॉर्न वरती ऐकू आला तर उजवा कौल. न्हाई आला तर डावा. मंग पुन्यांदा इचारायचं न्हाई, तू बी न्हाई आन् म्या बी न्हाई."

मला हसू आलं. माझी गाडी कशीही असो, हॉर्ननं कधी दगा दिला नव्हता. "बाबा, मग झालंच म्हणा की ऑपरेशन!" मी म्हणाले आणि पोती उतरवायला लागले. तेवढ्यात बाबा चाचपत गाडीच्या पुढं गेले. शेळीच्या तोंडावरून फिरवतात तसा गाडीच्या तोंडावरून हात फिरवत होते. "काय करताय?" मी मागूनच विचारलं. "काय न्हाई. घाटाची गाडी हाय तुजी," ते म्हणाले. मी माझ्या कामात होते. परतीच्या वाटेवर खड्डा आला की पुढून कुठूनतरी बारीक छुन छुन ऐकू यायला लागलं. एखादा नट ढिला झाला असेल, बघू सवडीनं, असं म्हणून मी सोडून दिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी भोरच्या चौकात एक म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. म्हशीनं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला.

गाडी दुकानापुढं लावली. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, "बॅटरी." घरातला मिक्सर बंद पडला तरी हे आधी बॅटरीच म्हणतात. मी दिवे लावून दाखवले, लख्ख होते. मग स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण काढलं. हॉर्नच्या फ्यूजमधली बारीक पट्टी वितळून तुटली होती. नवीन घातला, दाबला, वाजला. "म्हटलं नव्हतं, करंटचंच काहीतरी आहे?" हे म्हणाले आणि आत गेले. मलाही हायसं वाटलं. फ्यूज जातो कधीकधी. पण तो का गेला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघाले. गाडीत पोती घेतली नव्हती, मागं एक गादी टाकली होती. भोरचा रस्ता संपून कापूरहोळला हायवे लागतो, तिथं सहज म्हणून हॉर्न दाबला. मुका. कोपऱ्यावर गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान आहे, मालक नुकताच उदबत्ती ओवाळत होता. ओवाळता ओवाळताच त्यानं ऐकून घेतलं, फ्यूज बदलला, दाबून दाखवला. "वाजतोय ताई. जुनी गाडी आहे, जायचेच फ्यूज. हा एक जास्तीचा ठेवा." त्याच्यापुढं ट्रक उभा होता, मला घाई होती, दोघांनीही जास्त खोलात जायचं टाळलं.

पुढं हायवेला मी दर थोड्या वेळानं हॉर्न दाबून बघत होते. कामथडीपाशी वाजला, नसरापूरला वळताना वाजला. माझ्यापुढं जाणाऱ्यांनी मनातल्या मनात मला काय काय म्हटलं असेल! वेल्हे मागं टाकलं आणि डांबर संपून खडी सुरू झाली. छुन छुन, छुन छुन. दाबला. बंद. जास्तीचा फ्यूज घातला, वाजला. आता जांभळीपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवून मी बटणापासून हात लांब ठेवून गाडी चालवली. नवस बोलले, देवाला दमही दिला.

जांभळीखाली गाडी लावली, श्वास घेतला आणि अंगठा टेकवला. काही नाही.

मला राग आला की मी आधी एखादी वस्तू लाथाडते. टायरला लाथ घातली, अंगठा ठणकला, मग गाडीला, रस्त्याला, वायरिंगवाल्याला आणि शेवटी स्वतःला शिव्या दिल्या. वर वस्ती दिसत होती. पिवळ्या पडलेल्या गवतात दोन-तीन छपरं, बाजूला शेळ्यांचा काट्याचा वाडा. बाबा आत्ता अंगणात कान देऊन बसले असतील, हे मला लख्ख दिसत होतं. चढून जायला माझ्या गुडघ्यांना तासभर तरी लागला असता, आणि त्यांना घेऊन उतरेपर्यंत भोरहून बस गेली असती. आणि समजा पोचलेच, तर काय सांगणार होते? हॉर्न वाजला होता, तुम्हालाच ऐकू आला नाही? ज्या माणसाचे डोळे गेलेत त्याच्या कानांवर तरी मी संशय घेणार नव्हते.

एवढ्यात डेअरीत दूध घालून दुधाचा रिकामा टेम्पो खालून परत आला. मी हात केला. ड्रायव्हर ओळखीचा, त्याला म्हटलं, अरे, तुझा तरी वाजव. त्यानं आपला गाण्याचा हॉर्न लांबलचक वाजवला. समोरच्या डोंगरावरून तो परत आला. थोड्या वेळानं वरून एका बाईचा आवाज आला, "दूद मगाच घातलं की!"

ड्रायव्हर खो खो हसला. मग त्यानं माझा फ्यूज बघितला आणि म्हणाला, "त्याच्या जागी तांब्याची तार घाला, ताई. वाजतोय का न्हाई बगा." हे मला नको होतं. फ्यूज जळतो तो गाडी वाचवायला. त्याच्या जागी तार घातली तर फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळतं. आमच्या ह्यांनी एकदा तसं केलं होतं आणि गाडीतला तो वास महिनाभर गेला नव्हता. हॉर्न वाजेल आणि गाडीच बंद पडेल, मग बाबांना काय पाठीवर नेऊ? टेम्पो गेला. मी गाडीच्या पायरीवर बसले. मग डोकं लावलं.

वायपरचा फ्यूज शाबूत होता आणि हिवाळ्यात वायपर लागत नाही. म्हणजे हातात एक फ्यूज होता. पण तो नुसता घातला तर तोही जाणार. आमच्या या जुन्या गाडीत हॉर्नपर्यंत करंट कायम आलेला असतो, बटण दाबलं की त्याला पुढची वाट मिळते. आता भोरला, कापूरहोळला, गाडी उभी असताना हॉर्न वाजत होता. हायवेला वाजत होता. मरत होता तो खड्ड्यांत. म्हणजे गाडी हादरली की करंट भलत्याच वाटेनं पळत होता, काहीतरी हलत होतं आणि कुठंतरी चिकटत होतं. हे मला भोरलाच कळायला हवं होतं, पण घाईत असलं की मी आधी हात चालवते.

डिकीत माझा टेस्ट लॅम्प होता, म्हणजे जुना इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. फ्यूजच्या जागेत मी त्या दोन वायरी खोचल्या. आता करंट चुकीच्या वाटेला गेला तर फ्यूज जळण्याऐवजी बल्ब लागेल. बल्ब काचेपाशी टेकवून ठेवला. लागला नव्हता. मग मी पुढं जाऊन बंपरवर पाय दिला आणि गाडी जोरात हलवली.

छुन. आणि बल्ब लुकलुकला.

पुन्हा हलवली. छुन, आणि पुन्हा लुकलुक. दोन्ही अगदी एकाच वेळी. मी खाली बसले आणि पुढच्या जाळीच्या खालून हात आत घातला. आत काही दिसत नव्हतं, बोटांनीच शोधत गेले. हॉर्न लागला, त्याचा पत्रा लागला, आणि त्या पत्र्याला गुंडाळलेली एक तार लागली. तारेला लोकरीचा गोंडा, एक बिब्बा आणि छोटं घुंगरू. तारेचं एक टोक हॉर्नला करंट येतो त्या टोकाच्या अगदी जवळ होतं. गाडी हादरली की घुंगराच्या वजनानं तार झुलायची, त्या टोकाला टेकायची, फ्यूज उडवायची आणि परत आपल्या जागी जाऊन बसायची. म्हणून भोरलाही काही नाही आणि कापूरहोळलाही काही नाही.

हे कुणी बांधलं हे मला कुणी सांगायला नको होतं. शेळीच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तेच, काळ्या लोकरीचं. घाटाची गाडी हाय तुजी. ज्या गाडीवर बाबांनी आपला कौल ठेवला तिला नजर लागू नये, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं हे बांधलं होतं, आणि त्यानंच हॉर्नचा गळा धरला होता. मी तिथंच रस्त्यावर फतकल मारून हसले. हसताना डोळे भरून आले.

बॅटरीची वायर काढली, तार सावकाश उलगडली, वायर परत बसवली. वायपरचा फ्यूज हॉर्नला घातला. आता काही चुकलं असेल तर पुढं काहीच नव्हतं. बटण दाबलं. हॉर्ननं नेहमीसारखा क्षणभर विचार केला आणि घोगऱ्या आवाजात वाजला. तीनदा वाजवला. मग, राहवलंच नाही, चौथ्यांदाही वाजवला.

बराच वेळ वर काही हललं नाही. मग वाड्याच्या काट्याआडून म्हातारी दिसली, हातात पिशवी. तिच्यामागं तिच्या खांद्यावर हात ठेवून बाबा.

खाली पोचल्यावर ते म्हणाले, "लई उशीर केलास, पोरी. म्या म्हनलं डावा कौल झाला. हिनं पिशवी सोडून बी ठेवली हुती." मी बसा बसा, बस चुकेल म्हणत दार उघडलं. पण बाबा दाराकडं आले नाहीत. चाचपत गाडीच्या पुढं गेले आणि जाळीखालून हात आत घातला. तसेच वाकून राहिले.

"हितं बांदलेलं कुठं गेलं?"

घुंगरू माझ्या ओढणीच्या गाठीत होतं. पडलं असेल वाटेत, असं सहज म्हणता आलं असतं. म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ज्या गोष्टीवर या माणसानं आपला उरलेला डोळा पणाला लावला होता तिच्यात खोट घालायला मन धजेना. गाठ सोडून मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. हॉर्न यामुळेच बंद पडत होता, म्हणून उशीर झाला, म्हणून काढलं.

म्हातारी लगेच म्हणाली, "म्या सांगितलं हुतं दोऱ्यानं बांदा म्हनून."

"दोरा शेळ्या खात्यात," बाबा म्हणाले. "गाडी उबी ऱ्हायली का बोकड जाळीलाच तोंड लावतोय. म्हनून तारंनं बांदलं." मग ते अंगठ्यानं तार चाचपत राहिले. मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, देवानंच हॉर्न अडवला, डावा कौल. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि खरंच सांगते, इतकी भीती मला पहिल्यांदा घाटात गाडी घातली तेव्हाही वाटली नव्हती.

"कुठं लागत हुती म्हनलीस तार?"

"हॉर्नला करंट येतो तिथं, बाबा. बोटभर बाजूला बांधली असती तरी काही झालं नसतं."

त्यांनी मान हलवली. "दिसत असतं तर तितं बांदली नसती," ते म्हणाले. घुंगरू खिशात टाकलं आणि दाराची कडी शोधायला हात पुढं केला. "चल, हाण गाडी. बस चुकंल."

बस चुकली नाही. अर्धे पेशंट अजून चहाच पीत होते. वाटेत खड्डा आला की बाबांच्या खिशातून छुन वाजायचं आणि प्रत्येक वेळी माझा हात आपोआप हॉर्नकडं जायचा.

पट्टी काढून, औषधाचे थेंब संपवून बाबा वस्तीवर परत गेले त्यानंतरच्या फेरीची गोष्ट. मी पोती भरून निघाले होते. जांभळीखाली वळले तर बाबा आधीच तिथं उभे, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हातारी जवळपास कुठंही नाही. मी सवयीनं हॉर्नकडं हात नेला.

"कशापायी वाजवतीस?" ते म्हणाले. "मगाधरनं बगतुया म्या. दोन वळणं खालती हुतीस तवापासनं."

बाबा गाडीच्या पुढं गेले. चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, जाळीच्या आत नीट बघितलं, हॉर्नकडं बघितलं, मान हलवली. मग खिशातून तेच घुंगरू काढलं, आता काळ्या दोऱ्यात ओवलेलं, आणि बाहेरच्या आरशाच्या दांडीला गाठ मारून बांधलं. वायरिंगपासून चांगलं लांब. मागून त्यांचा बोकड आलाच होता, मान उंच करून दोऱ्याकडं बघत.

"हा खाणार बघा दोरा," मी म्हणाले.

"खाऊ दे," बाबा म्हणाले. "दिसंल न्हवं मला. दुसरा बांदीन."

मग मी तीनदा हॉर्न दाबला, कारण वर बाकीचे लोक पोती घेऊन थांबले होते.